‘असाच होता’ आणि ‘हाच होता’

काका, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मालक दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. घरी मी, सासूबाई आणि माझी लेक. एका रात्री दीड-दोनच्या सुमाराला कडी वाजल्यासारखी वाटली म्हणून जाग आली. लाईट गेलेली होती. आतल्या खोलीत दोघं होते, एकाच्या हातात बॅटरी. मी ओरडले तसे ते मागच्या दाराने पळाले. पळताना बॅटरीचा उजेड भिंतीवर पडला आणि एकाचं तोंड मला दिसलं. तेही अर्धंच, कानाला मफलर गुंडाळलेला होता. माझं दोन तोळ्यांचं गंठण, सासूबाईंचे कानातले आणि मालकांना ऊसतोडीसाठी आगाऊ मिळालेल्या उचलीतले राहिलेले अठरा हजार गेले.

तीन आठवड्यांनी ठाण्यातून फोन आला, चोर सापडलाय, या. गेले तर हवालदारांनी आधी मोबाईलवर एक फोटो दाखवला, मग आत नेलं. बाकड्याशेजारी खाली एक पोरगा बसवलेला होता. आमच्या शिवाराच्या कडेला पारध्यांची पालं आहेत, तिथला, वीस-बावीस वर्षांचा. मला विचारलं, “हाच ना?” मी म्हणाले, “असाच होता.” त्यांनी पुरवणी जबाब लिहिला. सही करताना मी वाचलं, त्यात “सदर इसम हाच होता” असं होतं. मला ते खटकलं, पण समोर तिघं-चौघं उभे होते, मी बोलले नाही. सही केली. नंतर सोन्याची एक लगड दाखवली. तुमचं गंठण सोनाराने वितळवलं, हीच ती, म्हणाले.

आता तहसीलचं पत्र आलंय. जिल्हा कारागृहात ओळख परेड आहे. पत्र घेऊन आलेले हवालदार म्हणाले, “काही अवघड नाही ताई. तुम्ही पाहिलाय त्याला. रांगेतून जायचं अन् खांद्यावर हात ठेवायचा.”

त्या पोराची माय परवा सकाळपासून आमच्या ओट्याखाली बसून होती. भांडली नाही, रडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, “माय, तू बघितलं का त्याला? बघितलं असलं तर सांग.” त्याच्या बहिणीची चार वर्षांची पोर माझ्या अंगणवाडीत यायची, ती आता येत नाही. गावातले म्हणायलेत, आता मागं सरलीस तर उद्या सगळ्यांचीच घरं फुटतील. मालक फोनवर म्हणतात, तू कशाला कायदा शिकतीस, आपलं सोनं मिळू दे.

जबाब फिरवला तर माझ्यावर केस होते का? आणि मी नाही म्हटलं अन् तो खरंच चोर असला, तर? मला दोन्हीकडून झोप नाही.

– एक सेविका

*

ताई,

परेड आठ दिवसांवर होती म्हणून मुख्य गोष्ट तुम्हाला फोनवर लगेच सांगितली. तरी सविस्तर इथे लिहितो, कारण बीड, परभणी, अंबाजोगाईच्या कोर्टांत बत्तीस वर्षं फौजदारी वकिली करताना तुमच्या जागी उभ्या असलेल्या कितीतरी बायका-माणसांना मी पाहिलं, आणि त्यांना वेळेवर कोणी काही सांगितलेलं नसायचं.

आधी तुमच्या गंठणाबद्दल. मालक थंडीत कोयता घेऊन दुसऱ्याच्या फडात उभे आहेत, उचल फिटायची आहे आणि घरातलं होतं नव्हतं ते एका रात्रीत गेलं. त्याचा संताप येणं अगदी रास्त आहे. सोनं परत मागणं यात हावरेपणा नाही. पुढचं सगळं मी हे मनात धरून लिहितोय. चोरी तुमच्याच घरी झाली आहे, हे मी एका ओळीतही विसरलेलो नाही.

आता तुमच्या पत्रातले ते दोन शब्द. तुम्ही म्हणालात “असाच”. लिहिलं गेलं “हाच”. फरक दिसायला एवढासा, पण त्या एका शब्दावर एका पोराचं तारुण्य टांगलेलं आहे. “असाच” म्हणजे त्या चणीचा, त्या वयाचा, तसल्या तोंडाचा. बीड जिल्ह्यात असे हजारोंनी सापडतील. “हाच” म्हणजे तो एकटा. तुम्ही जे पाहिलं त्यातून “असाच” एवढंच निघतं, आणि तुम्ही तेवढंच बोललात. तुमची जीभ त्या क्षणी बरोबर चालली. चुकलं ते लिहिणाऱ्याचं, आणि थोडं तुमचं, की वाचूनही गप्प राहिलात. ते अजून दुरुस्त करता येतं.

एक करून बघा. रात्री निवांत झाल्यावर डोळे मिटा आणि त्या चोराचं तोंड आठवा. कोणतं येतं? माझा अंदाज असा की आता तुमच्या डोळ्यांपुढे मफलरातलं अर्धं तोंड येणार नाही, ठाण्यात बाकड्याशेजारी बसवलेल्या पोराचं पूर्ण तोंड येईल, मोबाईलवर दिसलं तसं. यात तुमचा खोटेपणा नाही. माणसाची आठवण अशीच चालते. क्षणभर पाहिलेल्या अर्धवट चेहऱ्यावर नंतर उजेडात पाहिलेला चेहरा येऊन बसतो आणि मग खालचा सापडत नाही. साक्षीदार शपथेवर, अगदी मनापासून, चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो ते यामुळेच. मी उलटतपासणीत असे साक्षीदार पाहिले आहेत. ते खोटारडे नव्हते. त्यांना आधी दाखवलं गेलं होतं.

म्हणूनच ओळख परेडीचे नियम इतके काटेकोर केलेले आहेत. परेड पोलीस घेत नाहीत, कार्यकारी दंडाधिकारी घेतो, म्हणजे तुमच्याकडे तहसीलदार किंवा नायब तहसीलदार. पोलिसांनी त्या वेळी तिथे थांबायचं नसतं. दोन पंच लागतात. आरोपी एक असेल तर त्याच्यासोबत त्याच्याच वयाची, साधारण त्याच अंगकाठीची किमान सहा माणसं उभी करायची असतात. आरोपीला आपली जागा निवडू द्यायची असते. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे अटकेपासून परेडीपर्यंत साक्षीदाराच्या नजरेला तो पडता कामा नये. म्हणून तर आरोपीला कोर्टात नेताना तोंडावर बुरखा घालतात. तुमच्या बाबतीत ही अट परेड ठरायच्या आधीच मोडली आहे. फोटो दाखवला, मग प्रत्यक्ष माणूस दाखवला. आता रांगेतून जाऊन तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात, तर चोराला ओळखलं असं त्याला म्हणता येत नाही. ठाण्यात पाहिलेला पोरगा कोणता, एवढंच तुम्ही दाखवलेलं असेल.

परेडीला जा. पत्र आलंय तर टाळू नका. तहसीलदार तुम्हाला विचारतील, आरोपीला किंवा त्याच्या फोटोला आधी पाहिलंय का. विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: “साहेब, अमक्या तारखेला ठाण्यात मला याचा फोटो दाखवला आणि याला समोर दाखवलं. चोरीच्या रात्री मी एकाचं अर्धं तोंड क्षणभर पाहिलं होतं. मी नक्की सांगू शकत नाही.” आणि हे परेडीच्या पंचनाम्यात लिहून घ्या म्हणा. लिहिलेलं वाचूनच सही करा. या वेळी “असाच”च्या जागी “हाच” दिसला तर तिथल्या तिथे बोट ठेवून सांगा, हा शब्द माझा नाही. तहसीलदार हवालदार नाही, त्याच्यावर या तपासाचं दडपण नसतं. बहुतेक जण नीट लिहितात.

तुमची मोठी भीती, जबाब फिरवला तर केस. पोलिसांपुढचा जबाब शपथेवरचा नसतो. त्यावर साक्षीदाराची सहीसुद्धा घ्यायची नसते, कायद्यातच तसं आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १८१ मध्येही हे कायम आहे. त्या जबाबाचा उपयोग पुढे कोर्टात तुमच्या बोलण्यातला फरक दाखवण्यापुरता. पुरावा म्हणजे तुम्ही साक्षीच्या पिंजऱ्यात शपथ घेऊन जे सांगाल ते. खोटी साक्ष हा गुन्हा आहे, पण तो शपथेवर जाणूनबुजून खोटं बोलल्यावर लागतो. तेव्हा उलट विचार करा. मनात शंका असताना “हाच” म्हणून शपथेवर सांगणं धोक्याचं आहे. “नक्की सांगता येत नाही” म्हणण्यात धोका नाही.

सरकारी वकील तुम्हाला फितूर म्हणून जाहीर करतील का? करू शकतात. शब्द जड आहे, गावात तो शिवीसारखा वापरतात. पण त्याचा कायद्यातला अर्थ एवढाच की सरकारी वकिलाला आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची परवानगी मिळते. तुम्ही पैसे घेऊन किंवा भिऊन फिरला नाहीत. आणि आजच लेखी कळवलंत तर उद्या तुम्हाला फितूर म्हणायला जागाच उरत नाही, कारण तुमचं म्हणणं पहिल्यापासून एकच राहतं.

तर आधी तो कागद करा. साध्या फुलस्केपवर, तुमच्या हाताने, तुमच्या भाषेत. पोलीस निरीक्षकांच्या नावाने लिहा. एक प्रत जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात आणि एक ज्या कोर्टात त्या पोराला हजर केलं त्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्या. मजकूर चार-पाच ओळींचा पुरे: चोरी अमुक रात्री झाली; मला एका इसमाचं तोंड अंधारात अर्धवट दिसलं; अमुक तारखेला ठाण्यात मला फोटो आणि इसम दाखवला; मी “असाच होता” म्हटलं; माझ्या पुरवणी जबाबात “हाच होता” असं आलंय ते माझं म्हणणं नाही. खाली तारीख आणि सही. त्यात कोणावर आरोप नको, कोणाची बाजू नको, तो निर्दोष आहे असंही लिहू नका, कारण तेही तुम्हाला माहीत नाही. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. कोणी “राहू द्या ताई, आम्ही बघतो” म्हणालं तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती डब्यात जपून ठेवा.

आणि पुढच्या वेळी ठाण्यातून “या” असा फोन आला, तर एक माहीत असू द्या. साक्षीदार बाई असेल तर पोलिसांनी जबाबासाठी तिच्या घरी यायचं असतं. तिला ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही. त्याच नव्या संहितेचं कलम १७९. तुम्ही त्या दिवशी घरच्या ओट्यावर, सासूबाई शेजारी असताना जबाब दिला असता तर “हाच” हा शब्द तुम्ही खोडायला लावला असता, असं मला वाटतं.

लगडीबद्दल. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त थांबवलं ते या गोष्टीने. गंठण माणूस ओळखतो. मधली वाटी कुठे चेपली होती, कोणत्या मण्याजवळ तार बदलली होती, हे अंधारात हाताला कळतं. लगड कशी ओळखायची? सोन्याच्या गोळ्याला ना नक्षी असते, ना आठवण. फोनवर मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात ती लगड सव्वा तोळ्याची होती आणि तुमचं गंठण दोन तोळ्यांचं. म्हणजे वजनही जुळत नाही. त्यामुळे “ही माझ्याच गंठणाची लगड” असं कुठेही लिहून देऊ नका. लिहा की माझं गंठण अमुक वजनाचं, अमुक साली घेतलेलं, त्याची पावती जोडली आहे. पावती नसेल तर ज्या सोनाराकडून केलं त्याच्या वहीत नोंद असते, ती काढून घ्या. लग्नातला फोटो चालतो. मुद्देमाल परत मिळण्यासाठी त्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, कोर्ट हमीपत्रावर सोनं ज्याचं आहे त्याच्या ताब्यात देतं. त्या अर्जाला चोर कोण हे तुम्ही ओळखलेलं असण्याची गरज नाही. सोनं तुमचं आहे हे दाखवायचं असतं. मालकांना हे एवढं वाक्य वाचून दाखवा, कारण त्यांना कोणीतरी उलटं सांगितलेलं दिसतंय.

तपासाचं विचाराल तर तुम्ही फिर्यादी आहात, तुम्हालाही हक्क आहेत. एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. तेव्हा नम्रपणे विचारा: कपाटावरचे, कडीवरचे बोटांचे ठसे घेतले होते का? त्या पोराच्या ठशांशी जुळले का? लगड ज्या सोनाराकडून जप्त केली त्याने विकणाऱ्याचं नाव, आधार लिहून घेतलं होतं का? जप्तीचं चित्रीकरण केलं का? कारण झडती आणि जप्तीचं मोबाईलवर का होईना चित्रीकरण आता सक्तीचं आहे. दुसरा चोर कुठाय? या प्रश्नांची उत्तरं असतील तर तुमच्या अर्ध्या पाहिलेल्या तोंडावर केस उभी करायची गरजच नाही. उत्तरं नसतील, तर सगळा भार तुमच्या खांद्यावरून त्या पोराच्या खांद्यावर जातोय हे तुम्हाला दिसेल.

“तो खरंच चोर असला तर?” या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. असू शकतो. मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. चोर असेल तर ते ठशांनी, सोनाराच्या वहीने, मोबाईलच्या लोकेशनने सिद्ध करणं हे पोलिसांचं काम आहे, त्यासाठी त्यांना पगार आहे, माणसं आहेत, कोठडीची मुदत आहे. तुमचं काम पाहिलं तेवढं सांगणं. त्यांच्या कामातली उणीव तुम्ही तुमच्या शपथेने भरून काढायची नसते.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, ती आपल्याच मातीतली आहे. २००३ च्या जून महिन्यात जालना जिल्ह्यात एका वस्तीवर दरोडा पडला, पाच माणसं मारली गेली, अत्याचार झाला. घरातली जी बाई वाचली, तिने पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंच्या अल्बममधून चार जणांना ओळखलं होतं. ते चौघं सराईत म्हणून पोलिसांच्याच दप्तरी होते. त्यांच्यावर खटला चाललाच नाही. पकडले गेले ते भटक्या जमातीतले सहा मजूर. २००६ मध्ये जालन्याच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे नंतर निष्पन्न झालं. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि अशा गरीब, भटक्या माणसांना खोटं गुंतवलं जाण्याची शक्यता नाकारता येत नाही असं निकालात नोंदवलं.

सोळा वर्षं. त्यातली कितीतरी फाशीच्या सावलीत. आत गेले तेव्हा कोणाची पोरं रांगत होती.

पण ताई, मला त्या घरातल्या वाचलेल्या माणसांचाही विचार येतो. सोळा वर्षं त्यांना सांगितलं गेलं की गुन्हेगार सापडले. सोळा वर्षांनी कळलं की सापडलेच नव्हते, आणि तोवर खऱ्यांचा माग काढायची वेळ केव्हाच निघून गेली होती. गावातले तुम्हाला म्हणतात, मागं सरलीस तर उद्या सगळ्यांची घरं फुटतील. त्यांना विचारा, चुकीचा माणूस आत बसवला तर खरा कुठे असतो? तो बाहेरच असतो, आणि त्याला आता कोणी शोधत नाही.

पालावरचा म्हणून संशय आधी त्याच्यावर, ही गोष्ट नवी नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, पुढे पारधीही त्यात धरले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर तो शिक्का पुसला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कागदावरून पुसला, ठाण्यातून नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की विमुक्त जमातीच्या लोकांना मनमानीने अटक होणार नाही याची पोलिसांनी काळजी घ्यावी. बहात्तर वर्षांनी!

माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या काळात अशाच एका पोराची केस माझ्याकडे होती. घरफोडी, रात्रीची वेळ, आधी ठाण्यात दाखवून मग घेतलेली परेड. साडेतीन वर्षांनी सुटला. मधल्या काळात माय गेली, तिच्या मातीला त्याला येता आलं नाही. शेळ्या वकिलीच्या आणि जामिनाच्या नादात विकल्या गेल्या, त्यातली फी मीही घेतली होती, हे मला आजही बोचतं. सुटल्यावर दोन दिवसांनी तो निकालाची नक्कल घेऊन आला आणि म्हणाला, साहेब, याला ते प्लास्टिक लावून मिळतं का. मी बसस्टँडसमोर नेऊन लॅमिनेशन करून दिलं. पुढे सात-आठ वर्षांनी तो मला नाकाबंदीत दिसला. मोटारसायकल बाजूला लावलेली, आणि शर्टाच्या आतून घडी न पडणारा तो कागद काढून तो शिपायाला दाखवत होता. कडा काळ्या पडल्या होत्या. शिपाई न वाचताच म्हणाला, तो ठीक आहे, डिकी उघड.

त्या पोरालाही एका बाईने ओळखलं होतं. चांगली बाई होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की “माहीत नाही” म्हटलेलं चालतं.

त्याच्या मायबद्दल. ती ओट्याखाली बसली तेव्हा तुम्ही तिला हाकललं नाहीत, पाणी दिलंत, हे तुम्ही फोनवर सांगितलंत. तिच्याशी केसबद्दल बोलू नका. वचन देऊ नका, तिच्याकडून काही घेऊ नका, आणि कोणी बाँडपेपरवर तडजोड म्हणून सही मागितली, मग तो तिच्याकडचा असो की तुमच्याकडचा, तर करू नका. पण एक वाक्य सांगायला कायद्याची आडकाठी नाही: जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जा आणि पोराला वकील मागा. कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. त्यासाठीच जिल्हा न्यायालयात लोक अभिरक्षक, म्हणजे असे वकील, नेमलेले आहेत. १५१०० हा मदतीचा नंबर आहे, फोन तिला कोणीही लावून देऊ शकतं. त्याला अटकेचं कारण सांगितलं का, चोवीस तासांत कोर्टात उभं केलं का, मारहाणीची तपासणी झाली का, हे तो वकील बघेल. ठरलेल्या मुदतीत, कलमानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा त्याचा हक्क होतो, पण तो अर्ज करून मागावा लागतो. न मागितलेला हक्क निघून जातो. पालावरच्या बाईला हे कोण सांगणार?

जामीन झाला तरी सुटका होईलच असं नाही. जामीनदार लागतो, जामीनदाराला सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो, आणि ज्याच्या सात पिढ्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तो सातबारा कुठून आणणार? २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. चारांतले तीन. जामीन मंजूर होऊनही हमी देता येत नाही म्हणून कोणी महिनाभर आत राहिला, तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलेलं आहे. हेही त्या लोक अभिरक्षकाला माहीत असतं. माहीत नसल्यासारखं वागला तर आठवण करून द्यायची.

गावाबद्दल थोडंच. तुमच्यावर कोणी दडपण आणलं, धमकावलं, तर ते त्याच अर्जात तारखेसह लिहा. साक्षीदाराला संरक्षण देण्याची योजना आहे, तिची समिती जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते, अर्ज सरकारी वकिलांमार्फत किंवा थेट करता येतो. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. गाव पंधरा दिवस बोलतं. सासूबाईंना मात्र आज सगळं समजावून सांगा, कारण त्या रात्री त्याही घरात होत्या आणि उद्या त्यांनाही साक्षीला बोलावतील. त्यांनी काहीच पाहिलं नसेल तर “पाहिलं नाही” हीच त्यांची साक्ष.

मालकांना मी फोन करायला तयार आहे. फडावर रात्री आठनंतर फोन लागतो म्हणालात, नंबर कळवा.

आणि ती चार वर्षांची पोर. गृहभेट ही तुमच्या कामातलीच गोष्ट आहे. मदतनीस ताईंना सोबत घ्या, वजनकाटा घ्या, पालावर जा. केसचं नाव काढू नका. तिचं वजन घ्या, कार्डावर लिहा, आणि उद्या दहा वाजता ये म्हणा.